जुळ्या डिस्क आणि राखून ठेवलेली प्रत

वाचकहो, पेरणीचे दिवस आले की शेतकरी कणगीतले बी बाहेर काढतो. पण जाणता शेतकरी कणगी तळापर्यंत रिकामी करीत नाही. पाऊस दगा देईल, दुबार पेरणीची पाळी येईल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून थोडे बी तो बाजूला ठेवतो. आज ज्या विषयाची हकीकत सांगायची आहे तो वरवर पाहता शेतापासून फार लांबचा आहे. विषय आहे संगणकाचा. त्यातही सर्व्हर नावाच्या, अनेकांची कामे एकाच वेळी करणाऱ्या संगणकात बसवलेल्या जुळ्या डिस्कांचा. आणि त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याच्या वेळी त्यांतली एक डिस्क काढून राखून ठेवण्याच्या रीतीचा. ही रीत कशी आली, का आली आणि ती पाळताना माणसे कुठे फसली, एवढे आपण क्रमाने पाहू.

कुणी विचारील, खेड्यातल्या माणसाला या उठाठेवीशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा आपला सातबारा आज संगणकावरून निघतो. बँकेतली ठेव संगणकावर आहे, पीककर्जाची परतफेड संगणकावर आहे. गुरुजींच्या शाळेतल्या मुलांची नावेनिशीवार माहिती संगणकावर भरली जाते. पूर्वी गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात असे आणि परगण्याचा एकत्र हिशेब देशपांड्याकडे असे. दप्तर डोळ्यांना दिसे, हाताला लागे. वाळवी लागली तर तीही दिसे. आता आपली नोंद कुठल्या तरी थंड खोलीत, लोखंडी पेटीत राहते. ती तिथे सुखरूप कशी राहते हे समजून घेणे हा आपल्याच घराचा प्रश्न आहे.

आता मुळापासून सुरुवात करू. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात सॅन होजे नावाचे गाव आहे. तिथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखाली एक यंत्र तयार झाले आणि १९५६ साली ते जगापुढे आले. त्याचे नाव रॅमॅक. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या दांड्यावर बसवल्या होत्या. त्या सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे साठवीत. हा साठा एका मोठ्या कपाटाएवढा होता आणि त्यासह सबंध यंत्राचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर होते. आजच्या बोटभर यंत्रात याच्या हजारो पट मजकूर मावतो, हे खरे. पण त्या काळी ही मोठी क्रांती होती. तोपर्यंत हिशेब छिद्रे पाडलेल्या कार्डांवर ठेवीत. हजारो कार्डांतून एक नोंद शोधायची तर गठ्ठेच्या गठ्ठे चाळावे लागत. चकतीवरची नोंद मात्र यंत्र क्षणात काढून देई.

सोय मोठी झाली, पण तिच्या पाठोपाठ धोकाही मोठा आला. कार्डांच्या गठ्ठ्यातले एक कार्ड फाटले तर एक नोंद जाई. चकती बिघडली तर सगळेच जाई. पुढच्या काळातल्या डिस्कांमध्ये वाचणारे टोक चकतीपासून केसाहूनही कमी अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. ते टोक चकतीला घासले की चकतीवरचा मजकूर खरवडला जातो. अशी डिस्क सावकाश झिजत जाईल आणि आपल्याला आगाऊ कळेल, याचा भरवसा नसतो. सकाळी चालत होती, दुपारी बंद पडली, असेही होते.

यावर उपाय काय? आपल्या आजीने सांगितला असता तोच. महत्त्वाची वस्तू एकच असू नये. पण डिस्क इतक्या महाग होत्या की दोन ठेवणे फार थोड्यांना परवडे. ज्यांना दोन ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते अशा गिऱ्हाइकांपासून ही गोष्ट पुढे सरकली. ते गिऱ्हाईक म्हणजे बँका.

१९७४ साली कॅलिफोर्नियातच जेम्स ट्रेबिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टँडेम नावाची कंपनी काढली. एकामागे एक बसून दोघांनी चालवायच्या सायकलीला इंग्रजीत टँडेम म्हणतात. नाव अगदी शोभणारे होते. त्यांच्या यंत्रात महत्त्वाचे सगळे भाग दोन दोन असत. एक थकला की दुसरा ओढी. त्यांचे पहिले यंत्र १९७६ साली न्यूयॉर्कच्या सिटीबँकेकडे गेले. या यंत्रांत डिस्कांचीही जोडी लावता येई. कोणतीही नोंद आली की ती दोन्ही डिस्कांवर लिहायची. वाचायची वेळ आली की दोहोंपैकी कुठूनही वाचायची. एक डिस्क मेली तरी काम थांबत नसे. मेलेली काढून तिच्या जागी नवी कोरी डिस्क बसवली की जिवंत डिस्कवरचा सगळा मजकूर तिच्यावर उतरत असे आणि जोडी पुन्हा पुरी होई. या रचनेला कामावरची माणसे मिरर म्हणतात, म्हणजे आरसा. आपण समोर हात हलवला की आरशातलाही हात त्याच क्षणी हलतो, तसे.

यानंतरचा टप्पा बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८७ साली एक निबंध लिहिला. तो १९८८ साली विद्वानांच्या सभेत वाचला गेला आणि फार गाजला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोठ्या संगणकाची एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा लहान संगणकांच्या स्वस्त डिस्क पुष्कळ एकत्र जोडाव्यात. पण हिशेब करताना त्यांच्यापुढे एक अडचण आली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरा. अशा १०० डिस्क एकत्र जोडल्या तर त्यांतली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांतच बिघडेल. म्हणजे दोन आठवडेसुद्धा पुरे नाहीत! तेव्हा बिघाड होणारच असे धरून रचना केली पाहिजे. त्यांनी अशा रचनांचे पाच प्रकार मांडले आणि त्या कुळाला रेड हे नाव दिले. आरशाची जुनी रीत त्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवली. ती सर्वांत सोपी, पण खर्चिक. कारण निम्मी जागा नकलेतच जाते.

पुढे डिस्क भराभर स्वस्त झाल्या आणि खर्चाचा हा मुद्दाच उरला नाही. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीच्या सर्व्हरसाठीच्या आवृत्तीत आरशाची सोय होती. फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्येही ती आली. तिथे डिस्कांच्या जोड्या सांभाळण्यासाठी नील ब्राउन यांनी २००१ साली लिहिलेला एमडीएडीएम हा कार्यक्रम आजही वापरात आहे. न्यूयॉर्कच्या बँकेतली चैन अशा तऱ्हेने साध्या कचेरीत, महाविद्यालयात, छापखान्यात येऊन बसली. बऱ्याच सर्व्हरमध्ये डिस्क खणासारखी समोरून ओढून काढता येते. एवढे सोपे झाल्यावर माणसाच्या मनात एक समजूत घट्ट बसली: दोन डिस्क आहेत, मग आता भीती कसली?

वाचकहो, इथेच खरा प्रश्न सुरू होतो. आरसा कुणापासून राखण करतो आणि कुणापासून करीत नाही?

टँडेम कंपनीतच जिम ग्रे नावाचे एक थोर संशोधक काम करीत होते. पुढे १९९८ साली त्यांना संगणकशास्त्रातला ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी १९८५ साली एक साधा प्रश्न विचारला: संगणक बंद का पडतात? आपल्याच कंपनीच्या, सगळे भाग दुहेरी असलेल्या यंत्रांच्या बिघाडांची नोंद घेऊन त्यांनी हिशेब मांडला. यंत्रभागांच्या बिघाडामुळे झालेले खोळंबे सुमारे १८ टक्के निघाले. कार्यक्रमांतल्या चुकांमुळे सुमारे २५ टक्के. आणि यंत्र चालवणाऱ्या, मांडणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या हातून झालेले सुमारे ४२ टक्के! म्हणजे लोखंड दुहेरी केल्यावर लोखंडाचा दोष मागे पडला आणि माणसाचा हात पुढे आला.

आता ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचे काम या हिशेबात कुठे बसते ते पाहा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. कुठला कागद कुठल्या फडताळात, कुणाला आत घ्यायचे, कुणाला बाहेर थांबवायचे, हे सगळे तो पाहतो. काही वर्षांनी जुन्या कारभाऱ्याला निरोप देऊन नवा आणावा लागतो. कारण जुन्यातल्या उणिवा बुजवून देणारे कुणी उरत नाही आणि चोरांना त्या पाठ झालेल्या असतात. नवा कारभारी येतो, फडताळे नव्याने लावतो, जुन्या किल्ल्या मोडीत काढतो. बहुधा सगळे नीट होते. पण एखादे वेळी त्याला जुन्या दप्तराची मांडणी कळत नाही, किंवा काम अर्ध्यावर असताना वीज जाते, किंवा यंत्र पुन्हा उठतच नाही. हा बिघाड डिस्कचा नव्हे. कार्यक्रमाचा आणि माणसाचा.

आणि आरसा अशा वेळी काय करतो? तो इमानाने नक्कल करतो. चांगल्या नोंदीची करतो तशीच वाईट नोंदीचीही करतो. पहिल्या डिस्कवर दप्तर विस्कटले की त्याच क्षणी दुसरीवरही विस्कटते. कुलकर्ण्याने चुकीचा आकडा लिहिला तर तो देशपांड्याच्या दप्तरात त्याच क्षणी आपोआप उमटत नसे, कारण दप्तरे दोन होती आणि हातही दोन होते. आरशात डिस्क दोन असतात, पण हात एकच असतो.

याचे एक बोलके उदाहरण २००९ सालच्या आरंभी अमेरिकेत घडले. जर्नलस्पेस नावाच्या संकेतस्थळावर पुष्कळ माणसे आपल्या रोजनिशा लिहीत असत. त्या रोजनिशा ज्या सर्व्हरवर होत्या त्यात दोन डिस्कांची आरसा-जोडी होती, आणि तीच बॅकअप समजून चालकांनी वेगळी प्रत ठेवली नव्हती. एके दिवशी सगळा मजकूर पुसला गेला. पुसणेही एका डिस्कवरून दुसरीवर इमानाने उतरले. डिस्क दोन्ही धडधाकट होत्या. त्यांवर होते नव्हते ते मात्र गेले. जाणकारांकडे नेऊनही मजकूर परत मिळाला नाही आणि ते स्थळ बंद करावे लागले. किती जणांची वर्षांची लिखावट एका समजुतीपायी गेली!

म्हणून अनुभवी माणसांनी एक उलटी वाटणारी रीत धरली. मोठे काम काढायच्या आधी आरसा मुद्दाम फोडायचा. दोहोंतली एक डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि नव्या कारभाऱ्याला उरलेल्या एकीवर काम करू द्यायचे. काम फसले तर कपाटातली डिस्क परत बसवायची. यंत्र कालच्यासारखे उभे राहते. काम जमले तर दुसरी डिस्क जोडून आरसा पुन्हा पुरा करायचा. ऐकायला किती सोपे! पण या सोप्या रीतीत पाच जागा अशा आहेत की तिथे पाऊल घसरते. त्या एकेक करून सांगतो.

पहिली जागा: काढण्यापूर्वी दोन्ही डिस्क खरोखर जिवंत आणि सारख्या आहेत का, हे पाहणे. आरशाचा गुण हाच की एक डिस्क मेली तरी काम चालू राहते. आणि हाच त्याचा अवगुण. महिन्यांपूर्वी एक डिस्क मुकाट्याने मेलेली असते, सूचना आलेली असते, ती कुणी वाचलेली नसते. अशा वेळी नेमकी जिवंत डिस्क ओढून काढली तर यंत्रात राहते ती मेलेली. तेव्हा आधी जोडीची प्रकृती विचारावी आणि मगच हात लावावा. शिवाय जोडीपेक्षा निराळी, दुसऱ्या जागी ठेवलेली, एकदा उघडून वाचून पाहिलेली बॅकअप प्रत असल्यावाचून हे काम काढूच नये. एकदा जोडी फोडली की काम पुरे होईपर्यंत यंत्रात एकच डिस्क असते, आणि तिलाही मरण आहेच.

दुसरी जागा: कुठली डिस्क कुठली, हे ओळखणे. यंत्र डिस्कांना आपल्या सोयीने नावे देते आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ती नावे अदलाबदल होऊ शकतात. पहिली म्हणजे डावीकडची, असे धरून चालणे धोक्याचे. प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा अनुक्रमांक छापलेला असतो. यंत्रालाही तो वाचता येतो. यंत्राने सांगितलेला क्रमांक आणि डोळ्यांनी वाचलेला क्रमांक जुळल्यावरच डिस्क काढावी आणि काढताक्षणी तिच्यावर तारीख, वेळ आणि यंत्राचे नाव लिहिलेली चिठ्ठी डकवावी. वीस रुपयांच्या चिठ्ठ्यांनी लाखाचे नुकसान टळते.

तिसरी जागा: काढण्याची वेळ. यंत्र लिहिण्यात गुंतलेले असताना डिस्क ओढली तर कारकून ओळ लिहीत असता त्याच्या हातातून वही हिसकावल्यासारखे होते. शेवटची ओळ अर्धी राहते. खणातली डिस्क चालू यंत्रातून काढता येते हे खरे. ती सोय मेलेली डिस्क बदलण्यासाठी आहे. राखून ठेवायची प्रत काढायची तर आधी कामे थांबवावीत, यंत्र रीतसर बंद करावे, मग डिस्क काढावी. आणि आणखी एक. यंत्र सुरू होताना जो छोटा कार्यक्रम पहिल्यांदा जागा होतो तो पुष्कळदा एकाच डिस्कवर लिहिलेला असतो. मग दुसरीवर दप्तर सगळे असूनही ती एकटी यंत्र उठवू शकत नाही. म्हणून राखलेली डिस्क एकटी बसवून यंत्र उठते की नाही, हे मोठे काम काढायच्या पुष्कळ आधी तपासून ठेवावे, आणि तपासल्यावर जोडी पुन्हा पुरी जुळू द्यावी.

चौथी जागा सर्वांत कठीण: काम जमल्यावर जोडी परत लावणे. आता विचार करा. यंत्रातली डिस्क पुढे गेलेली आहे. नवा कारभारी, नव्या नोंदी. कपाटातली डिस्क ज्या दिवशी काढली त्या दिवशीच थांबलेली आहे. दोघी एकमेकींना भेटल्या की कुणी कुणाची नक्कल करायची? माणसाला उत्तर उघड दिसते. यंत्राला दिसतेच असे नाही. लिनक्सच्या रचनेत प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यात ओळखचिठ्ठी असते. तीत जोडीचा क्रमांक असतो आणि किती बदल झाले त्याचा चढता आकडा असतो. आकडा मागे असलेली डिस्क शिळी ठरते. पण समजा मधल्या काळात कुणी कपाटातली डिस्क एकटी बसवून यंत्र चालवून पाहिले. आता तिचाही आकडा पुढे सरकला. दोन डिस्क, दोन निरनिराळे इतिहास! आकडा एवढेच सांगतो की बदल किती झाले. कुठले बदल खरे हे तो सांगत नाही. त्यातून यंत्र उठताना चुकून जुन्या डिस्कवरून उठले आणि तिलाच खरी मानले, तर नव्या डिस्कवर जुना मजकूर ओतला जातो. चार दिवसांच्या नोंदी, नवा कारभारी, सगळे पुसले जाते. आणि जोडी तर छान जुळलेली दिसते.

म्हणून जाणती माणसे जुनी डिस्क परत जोडण्याची घाई करीत नाहीत. ती तिसरी, कोरी डिस्क आणतात. यंत्रातली डिस्क आणि ही कोरी डिस्क यांची जोडी लावतात. कोरीकडे सांगण्यासारखा इतिहासच नसतो, म्हणून नकलेची दिशा चुकण्याचे कारण उरत नाही. जुनी डिस्क चिठ्ठीसह कपाटात राहते आणि महिना दोन महिने सगळे नीट चालले की मगच ती पुसून दुसऱ्या कामाला घेतात. जुनीच वापरणे भाग असेल तर आधी तिच्यावरची ओळखचिठ्ठी पुसून तिला कोरी करावी; पण पुसताना अनुक्रमांक दोनदा वाचावा. नक्कल पुरी व्हायला वेळही लागतो. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने उतरवली तरी सात तासांहून अधिक लागतात. तेवढा वेळ सगळा भार एकाच डिस्कवर असतो आणि ती पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचली जाते. कुठे तरी लपलेला जुना डाग अशाच वेळी उघडा पडतो. राखलेली प्रत कपाटात का असावी, ते आता ध्यानात येईल.

पाचव्या जागेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. काम फसले आणि तीन दिवसांनी मागे फिरायचे ठरले, तर कपाटातली डिस्क आपल्याला तीन दिवसांमागे नेते. त्या तीन दिवसांत कुणी कर्जाचा हप्ता भरला असेल, कुणाच्या फेरफाराची नोंद झाली असेल, कुणा मुलाचे नाव पटावर चढले असेल. ते सगळे नव्या डिस्कवर आहे. राखलेल्या डिस्कला त्याचा गंधही नाही. यंत्र सुखरूप उभे राहील आणि हप्ता भरणारा थकबाकीदार ठरेल. राखलेली प्रत म्हणजे थांबलेले घड्याळ. ते चालू करता येते, पण मधला वेळ त्यात नसतो. तेव्हा शहाणपण असे: सुट्टीच्या दिवशी, कामे थांबवून बदल करावा; मागे फिरायचे की नाही याचा निर्णय लोकांसाठी दार उघडण्यापूर्वी घ्यावा; आणि दार उघडल्यावरच्या पहिल्या काही दिवसांतल्या नोंदी वेगळ्या जागी, कागदावर का होईना, उतरवून ठेवाव्यात.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, एवढी काळजी घेणारे शिकलेले लोक चुकतात थोडेच? चुकतात. बर्कलेच्याच डेव्हिड पॅटरसन यांनी एरन ब्राउन यांच्यासह २००१ च्या सुमारास एक प्रयोग केला. काही थोड्या माणसांना बिघडलेली डिस्क बदलण्याचे काम तीन निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर करायला दिले. काम आधी शिकवलेले होते. तरीही हातून चुका झाल्याच. त्यांचा निष्कर्ष माणसाला दोष देणारा नव्हता. माणूस चुकणार हे गृहीत धरून, चूक झाल्यावर मागे येण्याची वाट रचनेतच ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी हकीकत ३१ जानेवारी २०१७ ची. गिटलॅब या कंपनीकडे मजकुराचा एक मुख्य सर्व्हर होता आणि त्याची नक्कल ठेवणारा दुसरा. रात्री उशिरा, थकलेल्या एका अभियंत्याने नकलेवरची कपाटे रिकामी करतो आहोत अशा समजुतीने मुख्य सर्व्हरवरचीच रिकामी केली. चूक काही क्षणांत लक्षात आली, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. बॅकअपच्या रीती कागदावर अनेक होत्या. उघडून पाहिल्या तर त्या वेळी कामाची एकही निघेना. शेवटी कामास आली ती सुमारे सहा तासांपूर्वी, निराळ्याच कामासाठी, हाताने काढून ठेवलेली एक प्रत. तिच्यावरून सगळे परत उभे राहिले. गेले ते मधले सहा तास. कंपनीने ही सगळी कथा जगापुढे उघडपणे मांडली आणि त्या अभियंत्यावर खापर फोडले नाही, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

आता पुष्कळ ठिकाणी डिस्क हाताने ओढण्याची गरज उरलेली नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ साली लोकांपुढे आणलेल्या झेडएफएससारख्या रचनेत त्या क्षणाचे चित्र जागच्या जागी राखून ठेवता येते आणि बिघडल्यास तिथे परत जाता येते. कामही झटपट होते. परंतु हे चित्र त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की चित्रही गेले. म्हणून साधन बदलले तरी तत्त्व तेच: बदल करण्यापूर्वीची एक प्रत अशा जागी असावी, जिथे बदल करणाऱ्याचा हात पोचत नाही.

शिक्षक मित्रांनो, शाळेत संगणकाचा तास घेताना मुलांना हा फरक जरूर सांगा. आरशातली नक्कल ही वस्तू मोडण्यापासून वाचवते. बाजूला ठेवलेली प्रत ही चूक होण्यापासून वाचवते. दोन्ही लागतात आणि एकीचे काम दुसरी करीत नाही. शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या सभेत 'आता सगळे संगणकावर आहे, काळजी नको' असे कुणी सांगितले, तर नम्रपणे चार प्रश्न विचारा. मूळ जोडीपेक्षा वेगळी प्रत कुठे ठेवली आहे? ती शेवटची कधी उघडून वाचली? सिस्टिम बदलली तेव्हा मागे फिरण्याची वाट कोणती ठेवली होती? आणि बदलाच्या दिवसांत आम्ही भरलेल्या पैशांची पावती कुणाकडे आहे?

हे प्रश्न विचारायला यंत्रविद्या शिकावी लागत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत आपापल्या हातातली पावती जपून ठेवा. तीही राखलेली प्रतच आहे.